नो-गोच्या बाजूने

प्लग गेज हातात घेतलं की आधी त्याचं वजन जाणवतं. वीतभरापेक्षा लहान पोलादी दांडी, मधे पकडायला खरबरीत मूठ आणि दोन्ही टोकांना घासून आरशासारखे केलेले दंडगोल. एक लांब, एक आखूड. लांब टोकावर ‘गो’ कोरलेलं असतं, आखूड टोकावर ‘नो-गो’, आणि नो-गोच्या गळ्याशी लाल रंगाचं कडं. गो टोक भोकात अलगद उतरलं पाहिजे, ढकलायचं नाही. मग गेज उलटं करायचं. नो-गो तोंडाशीच अडलं पाहिजे. आत गेलं तर भोक मोठं झालं आणि तुकडा लाल डब्यात गेला. मी ज्या भागावर नऊ वर्षं काम केलं, त्यात या दोन टोकांमधला फरक होता २७ मायक्रॉन. डोक्यावरचा केस सत्तरेक मायक्रॉनचा धरला, तर त्याच्या निम्म्याहूनही कमी.

भाग म्हणजे मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकचा मास्टर सिलिंडर. उजव्या मुठीपाशी ब्रेक ऑइलची छोटी टाकी दिसते, तिच्याखालचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. त्यात १२.७ मिलिमीटरचं, म्हणजे अर्ध्या इंचाचं आरपार न जाणारं भोक असतं. आम्ही त्याला बोअर म्हणायचो. लिव्हर दाबला की बोअरमध्ये पिस्टन सरकतो, पिस्टनवरचं रबरी सील तेल पुढे ढकलतं आणि चाकाशी पॅड डिस्कला आवळतात. बोअर मोठा झाला तर सीलच्या कडेने तेल मागे येतं. लिव्हर मऊ लागायला लागतो, मग मुठीला टेकतो. त्या वेळी गाडीवर कोण असेल? तळेगाव-चाकण रस्त्यावर पावसात, मागे बायको आणि मधे मूल बसवून निघालेला कुणीतरी. हे चित्र मला पहिल्या आठवड्यात आमच्या सिनियरने दिलं आणि ते कधी डोळ्यांपुढून गेलं नाही.

या लेखाच्या निमित्ताने मी पुन्हा पुण्याजवळच्या त्या कारखान्यांच्या पट्ट्यात गेले. पावसाळ्याचे दोन महिने भोसरीचे ब्लॉक, टेल्को रोड, कुरुळी, निघोजे, महाळुंगे असं फिरले, जमेल तिथे रात्रपाळीलाही थांबले. बोलणाऱ्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाने नाव छापू नका म्हणून सांगितलं, त्यामुळे इथे कुणाचंच नाव नाही.

*

पुण्याच्या या बाजूला मोटार आली ती टप्प्याटप्प्याने. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. साठच्या दशकात आकुर्डीत बजाज आली आणि पिंपरीत टेल्को. नव्वदच्या दशकाच्या शेवटी चाकणची शेतं कारखान्यांना जाऊ लागली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत तिथे जर्मन, भारतीय अशा मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. मोठी कंपनी गाडी जोडते, पण गाडीतले हजारो भाग येतात भोसरीसारख्या ठिकाणच्या चौदा-पंधरा मशिनच्या शेडमधून, आणि त्या शेडला माल येतो त्याहून लहान शेडमधून. या साखळीच्या प्रत्येक कडीला एक टेबल असतं, टेबलावर दिवा, व्हर्निअर, मायक्रोमीटर, गेजचा ट्रे, आणि टेबलामागे एक माणूस. हल्ली बऱ्याचदा एक मुलगी.

चाकणला मेदनकरवाडीत तीन मुली एका खोलीत राहतात. एक नांदेडची, एक बुलढाण्याची, एक बीडची. दोघींचा मेकॅनिकलचा डिप्लोमा, तिसरीची आयटीआय. तिघी तीन वेगवेगळ्या कारखान्यांत क्वालिटीत आहेत. तिघींची पाळी वेगळी असते तेव्हा खोलीत कायम कुणीतरी झोपलेलं असतं, म्हणून दिवा लावायचा नाही असा नियम आहे. मी गेले तेव्हा दोघी जाग्या होत्या आणि कुजबुजत्या आवाजात बोलत होत्या.

“घरी काय सांगतेस, काय काम करते म्हणून?” मी विचारलं.

“मी म्हणते चेकिंग करते,” बुलढाण्याची म्हणाली. “आई म्हणते, म्हणजे एसटीतल्यासारखं?”

“मग?”

“मग मी हो म्हणते. तिकीट नसलं की उतरवायचं, तसंच आहे ना ताई.”

बीडच्या मुलीचं काम मला जास्त अवघड वाटलं. ती मॅग्नाफ्लक्सवर आहे. फोर्जिंग करून आलेल्या पोलादी भागाला चुंबकत्व द्यायचं, त्यावर लोखंडाची चमकणारी बारीक पूड मिसळलेला द्रव सोडायचा आणि काळ्या पडद्यांच्या खोलीत अतिनील दिव्याखाली तो भाग फिरवून बघायचा. पोलादाला तडा गेला असेल तर पूड तिथे गोळा होते आणि अंधारात पिवळसर हिरवी रेघ उजळते. खोलीत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही मिनिटं काहीच तपासायचं नसतं, तसा नियमच आहे. मी पडद्याआड उभी राहिले. पहिल्यांदा फक्त जांभळा उजेड आणि तिचे हातमोजे दिसले. मग भाग दिसायला लागला. तिने तो हळूहळू फिरवला, थांबली, परत मागे फिरवला. कोपऱ्यात, जिथे जाड भाग बारीक होतो तिथे, नखाच्या चंद्राएवढी एक रेघ होती. तिने दाखवेपर्यंत मला ती दिसली नव्हती. दाखवल्यावर दुसरं काही दिसेना.

“पाळीत असे किती सापडतात?”

“कधीकधी एकही नाही. तेच अवघड आहे ताई. सापडत राहिलं की डोळा जागा राहतो.”

डोळ्याचं हे दुखणं क्वालिटीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. आमच्या प्रशिक्षणात एक खेळ घ्यायचे. छापील उतारा द्यायचे आणि दोन मिनिटांत त्यातले सगळे ‘र’ मोजायला सांगायचे. आम्ही वीस जण होतो. सात वेगवेगळी उत्तरं आली, आणि बहुतेकांची बरोबर उत्तरापेक्षा कमी. जोडाक्षरातला रफार, पायातला र, हे निसटतात. आपण वाचतो तेव्हा मन अर्थाकडे धावतं, अक्षराकडे बघत नाही. तुकडा हातात घेतला की मन तसंच ‘चांगला आहे’ म्हणून पुढे धावतं. एकूण एक माल तपासला म्हणजे शंभर टक्के खात्री, असं बाहेरच्याला वाटतं. ज्याने आठ तास एकाच भागावरचे ओरखडे, ब्लोहोल आणि बर शोधले आहेत, त्याला ते कधी वाटत नाही.

*

एका स्टँडर्ड रूममध्ये मला अर्धा दिवस बसू दिलं. दोन दारं, मधे छोटी मोकळी जागा, आत चपला काढून जायचं. भिंतीवर तापमानाचा आकडा: २०.१. मोजमापाचं सगळं जग २० अंश सेल्सिअसवर चालतं, ते १९३१ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं. ड्रॉइंगवर कुठलंही माप लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ ‘२० अंशाला एवढं’ असाच असतो. मीटरभर लांबीचं पोलाद एका अंशाला सुमारे साडेअकरा मायक्रॉन वाढतं. अ‍ॅल्युमिनियम त्याच्या दुप्पट. मे महिन्यात भोसरीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये पारा चाळिशीजवळ असतो आणि मशिनमधून निघालेला तुकडा त्याहून गरम. म्हणजे तिथे मोजलेलं माप आणि या थंड खोलीत मोजलेलं माप सारखं यायचं काही कारणच नाही. अंगठी उन्हाळ्यात घट्ट होते म्हणतात, तिथे बोट फुगलेलं असतं. इथे अंगठीच फुगते.

खोलीच्या मधोमध ग्रॅनाइटच्या टेबलावर सीएमएम, म्हणजे तिन्ही दिशांनी मापं घेणारं यंत्र, होतं. त्याच्या सळईच्या टोकाची माणकाची गोळी तुकड्याला जेमतेम शिवते आणि पडद्यावर आकडा उमटतो. पण मला जास्त वेळ रमवलं ते शेजारच्या लाकडी पेटीतल्या स्लिप गेजनी. एस्किलस्टुना या स्वीडिश गावातल्या बंदुकीच्या कारखान्यातला योहान्सन नावाचा कारागीर, त्याला १८९६ साली ही कल्पना सुचली. पोलादाचे वेगवेगळ्या जाडीचे, इतके सपाट केलेले ठोकळे की एकावर एक सरकवून दाबले तर चिकटून बसतात. ना डिंक, ना चुंबक. शंभरेक ठोकळ्यांच्या एका पेटीतून हजारो मापं रचता येतात. पुढे १९२३ साली हेन्री फोर्डने त्याचा अमेरिकेतला व्यवसायच विकत घेतला आणि हा मनुष्य फोर्डकडे कामाला गेला. एका कारखान्यातला नट दुसऱ्या कारखान्यातल्या बोल्टला बसला पाहिजे, ही आज कुणाला सांगावी न लागणारी गोष्ट या ठोकळ्यांवर उभी आहे. तिथल्या इंजिनिअरने दोन ठोकळे चिकटवून माझ्या हातात दिले आणि म्हणाला, “ओढा.” निघाले नाहीत. सरकवावे लागले.

प्रत्येक गेजवर एक चिकटपट्टी असते, पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख लिहिलेली. गेज तपासणारी प्रयोगशाळा, तिचे मास्टर तपासणारी त्याहून वरची, असं करत ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोचते. भोसरीतल्या एका शेडमधला बोअर दिल्लीला बांधलेला असतो. मला याचा फार आधार वाटायचा.

*

निवृत्त झालेले एक इन्स्पेक्टर चिंचवडला राहतात. सगळा शॉप त्यांना मामा म्हणायचा. अप्रेंटिस कायदा १९६१ सालचा, त्याखालच्या सुरुवातीच्या तुकड्यांपैकी एकीतून ते एका मोठ्या कारखान्यात शिकायला लागले. पहिले सहा महिने फक्त कानस. लोखंडाचा ठोकळा द्यायचे आणि कानशीने घासून चारही बाजू काटकोनात आणायला सांगायचे. त्यांनी कपाटातून मखमलीच्या पेटीतला मायक्रोमीटर काढला. पन्नास वर्षं झाली त्याला.

“घ्या, मोजा,” म्हणाले आणि एक पिन पुढे केली.

मी मोजली. माप सांगितलं.

“रॅचेट किती वेळा वाजवलं?”

“दोनदा.”

“तीनदा वाजू द्यायचं. दोनदा नाही, चारदा नाही. दर वेळी तीनदा. मग तुमचं माप आणि माझं माप भांडणार नाही.”

या साध्या गोष्टीसाठी आता मोठा अभ्यास करतात. तीन माणसं, दहा तुकडे, तेच गेज, प्रत्येकाने दोन-तीनदा मोजायचं, आणि मग बघायचं की मापांत दिसणारा फरक तुकड्यांचा किती आणि माणसांचा व गेजचा किती. माणूस आणि गेज यांचाच फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर पद्धत चांगली, तिसाच्या वर गेला तर ती वापरायचीच नाही. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “आमच्या वेळी कागद नव्हता. पण चार्जहँड तीन पोरांना एकच पिन मोजायला द्यायचा, आणि तिघांनी आकडा सांगितला की तिघांच्याही डोक्यात टपली मारायचा.”

अशा अभ्यासांमागचं संख्याशास्त्र भारतात उशिरा आलं असं मात्र समजू नये. वॉल्टर शूहार्ट यांनी अमेरिकेत नियंत्रण-आलेखाची पहिली चिठ्ठी १६ मे १९२४ रोजी लिहिली. एक पान, त्यावर एक आकृती. मशिनच्या मापांत नेहमीची चुळबुळ कुठली आणि खरोखर बिघाड कुठला, हे एका रेघेवरून ओळखण्याची ती युक्ती. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेने याच शूहार्ट यांना १९४७-४८ मध्ये भारतात बोलावलं. हीच विद्या शिकवणाऱ्या डेमिंग यांची जपानमधली प्रसिद्ध व्याख्यानं त्यानंतर, १९५० साली झाली. जपानने त्या विद्येतून गाड्या बनवल्या आणि जगाला विकल्या. आपल्याकडे ती बराच काळ संस्थेच्या वर्गात राहिली. डेमिंग पुरस्कार भारतात पहिल्यांदा आला तो १९९८ साली, सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक विभागाला. आमच्या शेडमध्ये आलेख आला त्यानंतर कितीतरी वर्षांनी, आणि तोही ग्राहक कंपनीने मागितला म्हणून.

*

आता माझी गोष्ट. कारखान्याचं नाव सांगायचं कारण नाही. अशी रात्र या पट्ट्यात प्रत्येक क्वालिटीवाल्याच्या वाट्याला येते.

रात्री दोनची वेळ. गाडी गेटवर लागलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. १,२०० नग सकाळी सहाच्या आत ग्राहकाच्या लाईनला पोचायचे होते. दर दोन तासांनी पाच नग तपासायची माझी फेरी. चार बरोबर. पाचव्यात नो-गो अडलं, जरासं थांबलं आणि आत गेलं. मी पुसून परत लावलं. परत गेलं.

सुपरवायझर आले. चांगला माणूस, मला धाकट्या बहिणीसारखं वागवणारा. त्यांनी तुकडा हातात घेतला आणि म्हणाले, “अगं गरम आहे जॉब. थंड झाला की बोअर आवळेल. चालतंय.”

हे अर्धं खरं होतं, म्हणूनच मी फसले. पंचवीस अंशांनी तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या त्या बोअरमध्ये सात मायक्रॉनची वाढ होते. सत्तावीसातले सात. थंड झाल्यावर नो-गो अडलंही असतं कदाचित. तुकडा पाण्याच्या बादलीजवळ वीस मिनिटं ठेवून बघणं एवढंच करायचं होतं. पण गाडी वीस मिनिटं थांबणार नव्हती आणि माझ्याकडे तिला थांबवायची ताकद आहे असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी रिपोर्टवर सही केली.

दुसऱ्या दिवशी ग्राहकाच्या जोडणीच्या लाईनवर, गळती तपासणाऱ्या मशिनवर ३८ नग नापास झाले. सगळे तिथेच पकडले गेले, एकही रस्त्यावर गेला नाही. हे मी आजही स्वतःला सांगत असते. त्यानंतर दोन दिवस आम्ही चौघं त्यांच्या गोदामात उभे राहून उरलेला माल निवडत होतो. पाठीमागे दुसऱ्या कारखान्याची पोरं त्यांचा माल निवडत होती, तीही आमच्यासारखीच मान खाली घालून.

मग आठ टप्प्यांचा अहवाल लिहायचा असतो. चूक काय, तातडीने काय केलं, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. आमच्या अहवालात मूळ कारणाच्या रकान्यात लिहिलं गेलं: इन्स्पेक्टरचे दुर्लक्ष. उपायाच्या रकान्यात: समज देऊन पुन्हा प्रशिक्षण दिले. खाली माझी सही.

खरं काय झालं होतं ते मला आठवड्याने कळलं. इन्सर्ट, म्हणजे बोअर कापणारं बदलता येणारं पातं, झिजत जातो तसा बोअर बारीक होत जातो, म्हणून ऑपरेटर मशिनला थोडाथोडा ऑफसेट देत राहतो, म्हणजे पातं तेवढं बाहेर सरकवतो. त्या रात्री चहाच्या सुट्टीत इन्सर्ट तुटला. नवीन बसवला, पण झिजलेल्या इन्सर्टसाठी दिलेला ऑफसेट काढायचा राहिला. नवा इन्सर्ट, वर जुना ऑफसेट, त्यामुळे बोअर वरच्या मर्यादेला जाऊन चिकटला. काही नग आत, काही बाहेर. इन्सर्ट बदलल्यावर पहिला नग माझ्याकडे आलाच पाहिजे अशी पद्धत तिथे नव्हती. ऑपरेटर सोळा तास उभा होता, कारण दुसऱ्या पाळीचा आला नव्हता.

‘का?’ हा प्रश्न पाच वेळा विचारायची रीत आहे. आम्ही तो एकदाच विचारला, आणि समोर जो माणूस सर्वांत लहान होता त्याच्यापाशी थांबलो. गेल्या दोन महिन्यांत ज्यांनी मला आपले जुने अहवाल दाखवले, त्यांच्या कितीतरी अहवालांत हेच शब्द होते. ऑपरेटरचा निष्काळजीपणा. इन्स्पेक्टरचे दुर्लक्ष. समज दिली. मला हे वाचून राग येतो. त्या रकान्यात माणसाचं नाव लिहिलं की मशिन, ऑफसेट, सोळा तासांची पाळी, गेटवरची गाडी, सगळं सुटतं आणि तीच चूक दुसऱ्या रात्री दुसऱ्या मुलीच्या टेबलावर येते.

जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी १९६१ साली एका विजेच्या सामानाच्या कारखान्यात याचं उत्तर दाखवलं होतं. एका बटणात दोन बारीक स्प्रिंगा बसवायच्या असत आणि कामगार कधीतरी एक विसरायचे. साहेब लोक ‘लक्ष द्या’ म्हणायचे. शिंगोंनी एक छोटी ताटली ठेवली. आधी दोन स्प्रिंगा ताटलीत काढायच्या, मग बसवायच्या. ताटलीत एक उरली तर विसर पडल्याचं तिथेच दिसतं. पुढे अशा युक्त्यांना ते ‘बाका-योके’ म्हणत, म्हणजे मूर्खाला रोखणारं. ते ऐकून एका कामगार बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, मी मूर्ख आहे का म्हणून. तेव्हापासून शिंगोंनी शब्द बदलला: ‘पोका-योके’, चूक टाळणारं. आमच्याकडे प्रत्येक शेडच्या भिंतीवर हा शब्द आहे. ती बाई मात्र भिंतीवर नाही.

*

अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचची गोष्ट क्वालिटीच्या प्रत्येक वर्गात सांगायला हवी. काही गाड्यांत किल्लीचा स्विच ठरवल्यापेक्षा सैल होता. किल्लीच्या जुडग्याचं वजन किंवा गुडघ्याचा धक्का लागला तरी किल्ली मागे फिरायची, चालत्या गाडीचं इंजिन बंद पडायचं, आणि मग अपघातात एअरबॅगही उघडत नसे. २००६ साली आतला भाग बदलून स्विच घट्ट करण्याला मंजुरी मिळाली, पण भागाचा नंबर तोच ठेवला. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं कुणाला कळेना की जुन्या गाड्या बंद पडतात, तर नव्या का पडत नाहीत. कागदावर दोन्ही स्विच एकच होते. एका खटल्यातल्या स्वतंत्र इंजिनिअरने जुना आणि नवा स्विच शेजारी ठेवून उघडले तेव्हा फरक दिसला. २०१४ मध्ये गाड्या परत बोलावल्या गेल्या. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

शॉपमध्ये ‘बदल कळवा’ म्हणून फळा असतो. माणूस, मशिन, माल, पद्धत, यातलं काहीही बदललं तर तिथे लिहायचं. नव्या पोरांना तो फळा म्हणजे ऑडिटपुरतं काम वाटतं. आमच्या त्या रात्री त्या फळ्यावर ‘इन्सर्ट बदलला’ एवढे दोन शब्द असते तरी मी पुढचा प्रत्येक नग तपासला असता.

आपल्याकडेही सदोष गाड्या सक्तीने परत बोलावण्याची तरतूद २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने केली, आणि तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्याआधी ते कंपन्यांच्या मर्जीवर होतं. पण कायदा गाडी रस्त्यावर आल्यावर जागा होतो. त्याआधीची जागा त्या टेबलाची आहे.

आणि त्या टेबलाला अधिकार दिलेला आहे, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. मोटारीचे भाग बनवणाऱ्या अनेक शेडच्या रिसेप्शनमध्ये आयएटीएफ १६९४९ या मानकाचं प्रमाणपत्र फ्रेममध्ये लावलेलं असतं. त्या मानकात स्पष्ट म्हटलं आहे की मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना माल रोखण्याचा आणि उत्पादन थांबवण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि असा जबाबदार माणूस प्रत्येक पाळीत असला पाहिजे. प्रत्येक पाळीत, म्हणजे रात्री दोनलाही. मेदनकरवाडीतल्या तिघींना मी हे सांगितलं. नांदेडची तोपर्यंत उठून बसली होती.

“ताई, माझं कॉन्ट्रॅक्ट अकरा महिन्यांचं आहे,” ती म्हणाली. “मी लाईन थांबवली तर बारावा महिना कुठे?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहीची जबाबदारी कायमची आणि नोकरी अकरा महिन्यांची, हे मला चुकीचं वाटतं. ज्या हाताने ‘नाही’ म्हणायचं तो हात कारखान्यात सर्वांत सुरक्षित असायला हवा, आणि आज तो सर्वांत कच्चा आहे.

*

शेवटी एका शेडबद्दल लिहिते, भोसरीतल्याच. सोळा मशिन, मालक पन्नाशीचे, स्वतः टर्नर म्हणून सुरुवात केलेले. त्यांच्याकडे बोअरिंगच्या मशिनवर इन्सर्टची मोजणी बसवली आहे. ठरलेले नग झाले की मशिन आपोआप थांबतं. इन्सर्ट बदलला की पहिला नग क्वालिटीच्या टेबलावर जातो, आणि तिथून पिवळी किल्ली आल्याशिवाय मशिन पुन्हा चालू होत नाही. किल्ली तिथल्या इन्स्पेक्टरच्या कमरेला असते.

मी गेले त्या रात्री किल्ली होती एका चोवीस वर्षांच्या मुलीकडे, परभणीच्या. साडेबाराला एक मशिन थांबलं. ऑपरेटरने, तिच्या वडिलांच्या वयाच्या, नग आणून दिला आणि शेजारी उभा राहिला.

“बघा मॅडम.”

तिने नग धुतला, हवा मारली, आणि टेबलावर ठेवून दिला.

“काय झालं?”

“गरम आहे काका. थांबा जरा.”

ते थांबले. बाहेर टेम्पोचं इंजिन चालू होतं. मालकांनी एकदा डोकावून बघितलं, काही बोलले नाहीत, ड्रायव्हरकडे जाऊन त्याला चहा घ्यायला पाठवलं. तिने माझ्याकडे गेज दिलं, तोवर बघा म्हणून. मी कितीतरी वर्षांनी ते हातात घेतलं. गो टोक वापराने झिजत आलेलं होतं, दिवसातून शेकडो वेळा आतबाहेर करणारं टोक लवकर बदलावं लागतं. नो-गोचं टोक जवळजवळ नव्यासारखं होतं. फक्त पुढच्या कडेवर, जिथे ते दर वेळी तोंडाशी टेकून परत येतं, तिथे एक बारीक पुसटसं वर्तुळ उमटलं होतं.

वीस मिनिटं झाल्यावर तिने नग गालाला लावून बघितला, गो आत सोडलं, गेज उलटं केलं. नो-गो टेकलं आणि थांबलं. तिने ते हलकेच दाबून पाहिलं. मग दुसऱ्या बाजूला फिरवून पुन्हा टेकवलं.

“घ्या काका,” म्हणाली, आणि कमरेची किल्ली काढून दिली.